येताना बघा, जाताना नव्हे

बैल कसा बघायचा ते मी म्हशाच्या जत्रेत आजोबांच्या मागे मागे फिरून शिकलो. पौष पौर्णिमा, मुरबाड-कर्जत रस्त्यावरचं म्हसा गाव, खांबलिंगेश्वराच्या देवळापासून लांबवर पसरलेला बैलबाजार, पहाटेचा गारठा आणि अंगावर घोंगडी. एका दलालाने खिलार खोंड पळवून दाखवला. खोंड गेला तिकडे सगळ्यांच्या माना वळल्या. आजोबा मात्र जागचे हलले नाहीत. खोंड फिरून परत आला तेव्हा ते पुढे झाले, त्याच्या कुशीकडे बघत राहिले, मनाशी काहीतरी मोजलं आणि मला म्हणाले, "चल." सौद्यासाठी रुमालाखाली हात गेलाच नाही. वाटेत त्यांनी एवढंच सांगितलं, "जाताना सगळेच बैल चांगले दिसतात रे. येताना बघावं."

आता भातकापणी उरकली, झोडणी झाली, खाचरं मोकळी झाली की शहापूर-मुरबाडच्या गावोगावी एकच प्रश्न सुरू होतो: यंदा कोण मारणार? किन्हवलीच्या चहाच्या टपरीवर, सरळगावच्या बाजारात, टोकावड्याच्या एसटी थांब्यावर जो तो छातीठोकपणे एकेका बैलाचं नाव घेतो. शर्यतीच्या संध्याकाळी निम्मे जण गप्प असतात. अंदाज चुकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. माणसं नाव बघतात, किंमत बघतात, मोबाइलवरचा व्हिडिओ बघतात, पण समोर उभा असलेला बैल बघत नाहीत.

तो बघायचा कसा, हे या लेखात सांगायचं आहे. शर्यत बघायला जाणाऱ्याला याचा उपयोग आहेच, पण खरी गरज आहे ती नव्याने खोंड पाळणाऱ्या तरुण मालकाला. आपल्याकडच्या बिनजोड शर्यतीत समोरच्याशी जोड धरायची की सोडायची, हे त्याला उभ्या उभ्या ठरवावं लागतं. तो अंदाज चुकला तर भोगतो बैल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे मार्गदर्शन पैज लावण्यासाठी नाही. घोड्यांच्या शर्यतीवर परवानाधारक रेसकोर्सात पैसे लावता येतात, तशी सवलत बैलगाडी शर्यतीला नाही. इथली पैज हा सरळ जुगार आहे आणि १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला गाडामालकांच्या दोन गटांतल्या वादातून भर रस्त्यात गोळीबार झाला, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. अंदाज बांधावा, वाद घालावा, हरल्यावर चहा पाजावा. त्यापुढे जाऊ नये.

शर्यत कोणती, ते आधी विचारा

एकच बैल एका प्रकारच्या शर्यतीत राजा आणि दुसरीत सामान्य ठरू शकतो. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगाव-खेडच्या घाटात चार बैलांचा गाडा असतो, पुढे घोडी पळते आणि घड्याळाच्या सेकंदांवर निकाल लागतो. तिथे कोणी शेजारी नसतो, बैल वेळेशी झुंजतो. सातारा-सांगलीकडे छकडे एका रांगेत सुटतात. गट, सेमीफायनल, फायनल अशा फेऱ्या होतात आणि जिंकणाऱ्या जोडीला एकाच दिवसात पुन्हा पुन्हा पळावं लागतं. कल्याण, अंबरनाथ, पनवेल, मुरबाड या आपल्या पट्ट्यात जोर बिनजोडचा: दोन छकडे, शेजारी शेजारी दोन पट्ट्या आणि एक निशाण.

घाटात वेग पुरतो. फेऱ्यांच्या मैदानात वेगाच्या जोडीला दम लागतो. बिनजोडला तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे शेजारी गाडी आली तरी न बिचकण्याचं काळीज. कितीतरी बैल एकटे पळताना वाऱ्यासारखे जातात आणि बाजूला दुसरी जोडी दिसली की कान मागे टाकून तिरके होतात. म्हणून "मागच्या महिन्यात यानं अमुक मैदान मारलं" असं कोणी सांगितलं, की पहिला प्रश्न विचारावा: कोणत्या प्रकारचं मैदान, आणि समोर कोण होतं?

पिकअपमधून उतरताना

शर्यतीच्या दिवशी लवकर जा. धूळ उडायला लागल्यावर पोचणाऱ्याला फक्त धूळ दिसते. सकाळी सात-साडेसातला पिकअप गाड्या बांधाला लागतात आणि बैल उतरवले जातात. या वेळी जे कळतं, ते नंतर कळत नाही.

बैल उतरताना पहिला पाय कसा टाकतो ते बघा. निरोगी बैल खाली एकदा बघतो, अंदाज घेतो आणि पाय पूर्ण टेकवतो. ज्याच्या खुरात दुखणं आहे तो पाय टेकवून लगेच उचलतो, किंवा दोन्ही पुढचे पाय जवळ जवळ आणून उतरतो. उतरल्यावर त्याला पाच मिनिटं कोणी ओढू नये. त्या पाच मिनिटांत तो अंग झाडतो का, वास घेतो का, पाणी पितो का, शेण कसं टाकतो, हे बघा. शेण पातळ आणि आंबूस वासाचं असेल तर आदल्या दिवशी खुराक जास्त झाला आहे.

खुराकाचा हा घोळ फार ठिकाणी होतो. शर्यत जवळ आली की मालक प्रेमापोटी उडदाचा, हरभऱ्याचा भरडा, कणकेचे गोळे, दूध, अंडी, सगळं एकदम वाढवतो. बैल हे रवंथ करणारं जनावर आहे. त्याच्या पोटातले जिवाणू हळूहळू नव्या खाण्याला सरावतात. धान्य एकाएकी वाढलं की पोटात आम्ल साचतं, रवंथ मंदावते, बैल सुस्त होतो आणि वेळेत उपचार झाला नाही तर दगावतोही. म्हणून सावलीत बसून, डोळे अर्धे मिटून, शांतपणे रवंथ करणारा बैल दिसला की वहीत त्याच्या नावापुढे खूण करा. नाकावर दवासारखे थेंब, कान हलते, डोळा स्वच्छ आणि तोंड चालू, एवढं असेल तर त्याचं पोट आणि मन दोन्ही जागेवर आहेत.

दावणीला सतत नाचणारा, माती उकरणारा, डरकाळ्या फोडणारा बैल लोकांना आवडतो. त्याच्याभोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. मला त्याची काळजी वाटते. अकराच्या शर्यतीची ताकद तो आठ वाजताच खर्च करून बसलेला असतो.

खूर, खांदा, कूस

बैल बघायचा तो खालून वर. बाजारातला नवखा माणूस शिंगांपासून सुरुवात करतो, जाणता खुरांपासून.

बैलाचं खूर दुभंगलेलं असतं, म्हणून पत्रीही एकेका पायाला दोन तुकड्यांत मारतात. दोन्ही नख्या सारख्या लांबीच्या आहेत का, मधल्या फटीत जखम किंवा दुर्गंधी आहे का, पत्रीचा एखादा खिळा उचकटला आहे का, हे बघा. मग बैलाला वीस पावलं चालवायला सांगा आणि मागून बघा. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या थोडा पुढे पडला तर चाल मोकळी आहे. ठसा मागेच राहत असेल तर कंबर किंवा ढोपर आखडलेलं आहे. मागचे पाय एकमेकांना घासत असतील तर वेगात ते एकमेकांत अडकण्याची भीती असते. मऊ मातीवर हे ठसे वाचता येतात, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्या डोंगरपट्ट्यातला डांगी बैल पायाच्या बाबतीत नंबर एक. काळं, कठीण खूर आणि पाऊस अंगावरून निथळून जाईल अशी तेलकट कातडी, त्यामुळे आवणीच्या चिखलात त्याला तोड नाही. पण शर्यतीच्या पट्टीवर खिलार त्याला मागे टाकतो. माणदेशातून येणारा हा बैल उंच, सडपातळ, लांब पायांचा आणि तापट. बरेच गाडामालक सांगली-साताऱ्याकडून खोंड आणतात ते यासाठी. फक्त एक लक्षात ठेवा. कोरड्या मुलखातला हा बैल कोकणच्या दमट हवेला सरावायला वेळ घेतो. आणल्यापासून त्याने इथला एक पावसाळा काढला आहे का, हे जरूर विचारा.

दुसरी जागा खांदा. जू बसतं तिथे हात ठेवा, अर्थात मालकाला विचारून. गरम लागलं, बैलाने कातडी थरथरवली किंवा मान काढून घेतली, तर खांदा आलेला आहे. असा बैल सुटताना जोर लावेल, पण जू रुतलं की मधेच ढिला पडेल. हळद-तेल लावून खांदा चकचकीत केलेला असेल तर आणखी बारकाईने बघा.

तिसरी जागा कूस. बरगड्यांमागचा खळगा भरलेला असावा, तट्ट फुगलेला नसावा. छाती रुंदीपेक्षा खोलीने बघावी, कारण फुप्फुसं तिथे असतात. पोळी फार लोंबती, पोट सुटलेलं आणि अंग चरबीने गोल झालेला बैल पोळ्याच्या मिरवणुकीत शोभतो. शर्यतीच्या बैलाच्या शेवटच्या दोन बरगड्या चालताना अंधुक दिसाव्यात.

दात आणि वय

बैलाचं वय मालकाच्या तोंडून ऐकू नका, बैलाच्या तोंडात बघा. कायमचे दात अजून न आलेला तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली जोडी येते, तो दुसा. मग चार, सहा, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास आठही दात पुरे होतात. आदत खोंडात चपळाई असते, पण दमाचा भरवसा नसतो आणि गर्दीला तो बुजतो. पूर्ण दाती बैलात ताकद, दम आणि अनुभव एकत्र येतात. दुसा-चौसाच्या वयातला बैल मैदानागणिक बदलत असतो, त्यामुळे त्याचा तीन महिन्यांपूर्वीचा निकाल आज फारसा कामाचा नसतो. अंदाज करताना हे गणित घाला: कोवळा बैल मागच्या निकालापेक्षा चांगला पळू शकतो, म्हातारा होत चाललेला बहुधा पळणार नाही.

जोडी आणि पैरा

शर्यत जोडीची असते, हे मैदानात सगळे विसरतात. पूर्वी ज्याच्याकडे एकच बैल असे तो शेजाऱ्याच्या बैलाशी पैरा करून शेत नांगरत असे. शर्यतीतही हाच शब्द टिकला आहे. एका मालकाचा बैल, दुसऱ्या मालकाचा जोडीदार, असा पैरा करून गाडी उतरवतात. दोन नावाजलेले बैल एकत्र आले की लोक निकाल आधीच देऊन टाकतात. तिथेच फसगत होते.

जोडी बघताना तीन प्रश्न विचारा. दोघांची वशिंडं आणि खांदे एका पातळीत आहेत का? नसतील तर जू एका बाजूला कलतं आणि बुटक्या बैलाच्या मानेवर भार येतो. प्रत्येक बैल आपल्या सवयीच्या खांद्याला आहे का? कायम डाव्या खांद्याला पळणारा बैल उजवीकडे घातला की तो शेजाऱ्याला ढकलत राहतो. आणि दोघं आधी एकत्र पळाले आहेत का? एक झटकन सुटणारा आणि दुसरा पन्नास पावलांनंतर रंगात येणारा असेल तर छकडा सुरुवातीलाच तिरका होतो.

हा तिरकेपणा किती महाग पडतो ते बघा. समजा जोडी सेकंदाला बारा मीटर पळते आहे. छकडा सरळ करण्यात अर्धा सेकंद गेला तर सहा मीटर गेले. बिनजोडमध्ये निशाणावरचा फरक अनेकदा एका मानेचा असतो. म्हणून मी दोन तारे आणि कच्चा पैरा यांच्यापेक्षा, वर्षभर एका दावणीला बांधलेल्या दोन साध्या भावंडांना जास्त गुण देतो.

छकडा आणि हाकणारा

छकड्याची दोन्ही चाकं हाताने फिरवलेली बघा. एक सहज फिरतं आणि दुसरं कुरकुरतं असेल तर वंगण कमी आहे किंवा आस वाकलेला आहे. मानेखालून घेतलेली जोती किती आवळली आहेत तेही बघा. चार बोटं सहज जात नसतील तर पळताना गळा आवळणार आणि श्वास तुटणार.

हाकणारा वजनाने हलका असावा हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून महत्त्वाचं, बैल त्याला ओळखतो का. बाहेरून बोलावलेला नामांकित ड्रायव्हर शर्यतीआधी दहा मिनिटं येऊन थेट कासरा हातात घेत असेल तर सावध व्हा. चांगला हाकणारा आधी बैलाजवळ जातो, मानेवर हात फिरवतो, नावाने हाक मारतो, आणि बैलाचा कान त्याच्याकडे वळतो. तो कान वळलेला मी बघतो, मगच गुण देतो.

कायद्यामुळे ही गोष्ट आता आणखी महत्त्वाची झाली आहे. ७ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण मैदानं खुली व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. ही परवानगी अटींवर उभी आहे: जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, एक हजार मीटरपेक्षा लांब नसलेली धावपट्टी, आणि काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना पूर्ण बंदी. बैलाला इजा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

याचा अंदाजाशी काय संबंध? पूर्वी मारून पळवलेला बैलही मैदान मारायचा. आता ज्याला स्वतःहून पळावंसं वाटतं तोच टिकतो. म्हणून बैलाच्या पाठीवर, शेपटीच्या बुडाशी, मांडीवर जुने वळ किंवा टोचल्याच्या गाठी आहेत का ते बघा. शेपूट मुरगळून मुरगळून वाकडी झालेली असेल तर तो बैल भीतीने पळणारा आहे. भीतीने पळणारा बैल पहिले दोनशे मीटर जोरात जातो, मागे काठी नाही हे कळलं की मनाने थांबतो.

पट्टी चालून बघा

शर्यत सुरू होण्याआधी धावपट्टी एकदा स्वतः चालून या. आपल्याकडे बहुतेक मैदानं भाताच्या खाचरांत तयार होतात. बांध फोडून सपाट केलेली जागा वरून सारखी दिसते, पण जुन्या बांधाची रेघ टाचेला लागते. भाताची धसकटं कुठे राहिली आहेत, भेगा कुठे आहेत, कोणत्या बाजूला सकाळचं दव उशिरापर्यंत राहतं, उतार कुठे आहे, हे टाचेने ओळखायचं. टाच रुतते ती पट्टी दमाच्या बैलाची, टाच वाजते ती पट्टी चपळ बैलाची.

दुपारनंतर हेच गणित बदलतं. दहा-बारा गाड्या पळाल्या की एक पट्टी खोल उकरली जाते. सकाळी डाव्या बाजूने पाच निकाल लागले म्हणून दुपारीही तीच बाजू चांगली, असं समजू नका. दर थोड्या वेळाने कोणती बाजू जिंकते आहे याची नोंद ठेवा. निशाणापुढे गाडी थांबायला किती मोकळी जागा आहे, तेही बघा. तिथे गर्दी दाटली असेल तर शहाणा हाकणारा शेवटच्या टप्प्यात कासरा खेचतो, आणि त्याने खेचावाच.

आणि आता, येताना

निशाण पडलं, गाड्या गेल्या, आरडाओरडा झाला, निकाल लागला. लोक जिंकणाऱ्याच्या मागे धावतात. तुम्ही परतीच्या वाटेवर उभे राहा. पुढच्या फेरीचा किंवा पुढच्या जोडीचा निकाल याच वाटेवरून चालत येत असतो.

बैल परत आला की त्याच्या उजव्या-डाव्या कुशीची उघडझाप मोजा. घड्याळात पंधरा सेकंद धरा, आलेल्या आकड्याला चारने गुणा. विसावलेला बैल मिनिटाला साधारण दहा ते तीस श्वास घेतो. पळून आल्यावर हा आकडा कितीतरी वर गेलेला असणार, त्यात काही विशेष नाही. पाहायचं ते हे, की तो किती लवकर खाली येतो. आल्याबरोबर एकदा मोजा, पाच मिनिटांनी पुन्हा, दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा. दोन बैल सारख्याच फरकाने जिंकले असतील, तर ज्याचा आकडा आधी उतरला तो दुपारी दुसऱ्याला हरवणार, असं माझी वही सांगते.

यामागचं कारण समजून घ्या. घोडा भरपूर घाम गाळून अंग थंड करतो. बैलाला घाम येतो, पण घोड्याइतका नाही, त्यामुळे त्याची बरीच उष्णता श्वासावाटे बाहेर जाते. फेब्रुवारीनंतर आपल्याकडची हवा तापते आणि दमटही होते, तेव्हा ही वाट अरुंद होत जाते. सकाळी नऊला मैदान मारणारा बैल एप्रिलच्या दुपारी दोनला त्याच पट्टीवर हरतो, त्यात बाहेरचं काही नसतं, उष्णता असते.

याच जागी एक लपलेलं दुखणंही उघडं पडतं. लाळ्या-खुरकूत होऊन गेलेली काही जनावरं वरून ठणठणीत दिसतात, पण पुढे आयुष्यभर त्यांना ऊन सोसत नाही. थोडं पळालं की धाप लागते आणि ती बसत नाही. म्हशाच्या बाजारात आजोबांनी मोजलं ते हेच असावं. त्या खोंडाची कूस बराच वेळ भात्यासारखी चालत होती, एवढं मलाही आठवतं.

तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेची तार लोंबते आहे असा बैल दिसला तर वही खिशात घाला आणि मालकाला सांगा. सावली, पाणी, मान आणि पायांवर पाण्याचा मारा, आणि लगेच पशुवैद्यक. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. त्या बैलाचा त्या दिवशीचा खेळ संपला, मग तो कोणाचाही असो.

नावाची भुरळ

काही वर्षांपूर्वी एका मैदानात मी एका नावाजलेल्या बैलाच्या बाजूने तावातावाने बोललो होतो. व्हिडिओत तो डोळ्यांत भरायचा. सकाळी तो पिकअपमधून उतरताना मी नाश्ता करत होतो. दुपारी तो दीडशे मीटरवर मागचा पाय धरून उभा राहिला. ज्यांनी त्याला उतरताना पाहिलं होतं त्यांना आश्चर्य वाटलं नाही. व्हिडिओ हा जिंकलेल्या दिवसाचा असतो, हरलेल्या दिवसाचा कोणी चढवत नाही.

जगातल्या सगळ्यात अवघड समजल्या जाणाऱ्या घोड्यांच्या अडथळा शर्यतीतही पायाचाच धडा आहे. इंग्लंडमधल्या एन्ट्रीच्या ग्रँड नॅशनलमध्ये घोड्यांना तीस अडथळे आणि जवळजवळ सात किलोमीटर पार करावे लागतात. १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ती जिंकणाऱ्या रेड रम या घोड्याला खुराच्या हाडाचं जुनं दुखणं होतं. त्याच्या प्रशिक्षकाने त्याला साउथपोर्टच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत आणि खाऱ्या पाण्यात पळवलं आणि तो पायावर उभा राहिला. काळू-भातसा नद्यांच्या काठची आपली पोरं बैलाला डोहात पोहवतात, त्यातही हीच समज आहे: पायावर भार न टाकता दम वाढवायचा.

त्याच शर्यतीत १९६७ साली फॉइनेव्हन नावाच्या घोड्यावर एकास शंभर भाव होता, म्हणजे कोणाचाच विश्वास नव्हता. तेविसाव्या अडथळ्यावर पुढचे घोडे एकमेकांत अडकून पडले, आणि हा इतका मागे होता की त्याला वाट काढायला वेळ मिळाला. तो जिंकला. तेव्हा सगळं नीट बघूनही अंदाज चुकू शकतो, हे मनाशी धरूनच मैदानात जावं. नीट बघणारा दहातले सहा-सात अंदाज बरोबर करेल. दहाच्या दहा सांगणारा बढाया मारतो आहे किंवा त्याला काहीतरी ठाऊक आहे जे त्याला ठाऊक असता कामा नये.

वहीचं एक पान

शेवटी पद्धत सांगतो. वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा: पाय, श्वास, जोडी, हाकणारा, पट्टी. प्रत्येकाला दहापैकी गुण द्या आणि ते शर्यतीआधी द्या, नंतर खाडाखोड नको. पायाला पाचपेक्षा कमी गुण असतील तर बेरीजच करू नका, ती जोडी सोडून द्या. श्वासाचा रकाना पहिल्या फेरीनंतरच भरा. संध्याकाळी निकाल समोर लिहा. एका मोसमात अशी वीस पानं भरली की कोणत्या रकान्यात तुमचा डोळा चुकतो ते तुम्हालाच कळेल. माझा जोडीच्या रकान्यात चुकायचा, अजूनही कधी कधी चुकतो.

तरुण मालकांना एक वेगळी विनंती आहे. हे पान आधी स्वतःच्या बैलासाठी भरा. पाय, श्वास, खांदा यांत कुठे कमी दिसलं आणि समोरून कितीही मोठं आव्हान आलं, तरी जोड सोडून द्या. चारचौघांत दोन शब्द ऐकावे लागतील, पण तो बैल पुढच्या मोसमात तुमच्या दावणीला उभा असेल. आणि शर्यतीहून परतलात की ट्रॉफीचा फोटो काढण्याआधी बैलाच्या कुशीवर हात ठेवून एकदा श्वास मोजा.